आठ स्वच्छ बरण्या

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून आठ महिने. काम बाटल्या धुण्याचं. हसू नका, बाटल्या धुणं हेही एक काम आहे. बाटली उजेडात धरली तर तिच्यात खिडकीची चौकट सरळ दिसली पाहिजे. वाकडी दिसली की पुन्हा घासायची. माझ्या बाटल्यांत चौकट कधी वाकडी दिसली नाही.

आमच्या एका घरातून तिघं त्या गिरणीत जात होतो. नवरा रंगखात्यात मुकादम. त्याची नखं बारा महिने लाल असत, कारण लाल रंग हा त्याचा अभिमान होता. "कापड फाटेल, पण माझा लाल उतरणार नाही," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की सासूबाई ते त्याच्याआधीच पुरं करायच्या.

तिसरी माझी नणंद. लहानपणापासून एका जागी उभी राहिली नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत, आणि पुढे गिरणीतही तेच नाव पडलं. तिच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'जैवअभियंता'. ती पाटी वाचून माणसं दारावर न टकटकताच परत फिरायची. नेमकं कशासाठी टकटकायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा संध्याकाळी चहा घेताना सासूबाईंनीच विषय काढला.

"भिंगरे, खरं सांग. तू डॉक्टर का इंजिनिअर?"

"दोन्हींच्या मधली, आई."

"मधली म्हणजे अर्धवट का गं?"

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. भिंगरी मात्र न चिडता सांगत बसली. "हे बघ, इंजिनिअर लोखंडाकडून काम करून घेतो. मी जिवंत गोष्टींकडून करून घेते. माझ्याबरोबर शिकलेला एक जण दवाखान्यात आहे. तो हृदयाच्या झडपा बनवतो. एक मैत्रीण औषधाच्या कारखान्यात आहे. ती मोठमोठ्या पिंपांत जंतू वाढवते आणि त्यांच्याकडून औषध तयार करून घेते. आणि मी जंतूंना ओढा साफ करायला शिकवते."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे जंतूंची मास्तरीण!"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत तिची ओळख तीच झाली.

ओढ्याचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. रंगखात्यातलं पाणी गिरणीमागच्या ओढ्यात जायचं. सोमवारी ओढा निळा, बुधवारी हिरवा, आणि माझ्या नवऱ्याची पाळी असली की लालभडक. खालच्या वस्तीतल्या बायकांनी तक्रार केली, आणि सरकारकडून पाणी तपासणारे साहेब आले. तपासनीस असं आम्ही त्यांना म्हणत असू. उंच, किडकिडीत, खिशात चार पेनं. त्यांनी मालकांच्या टेबलावर कागद ठेवला. वीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत पाणी स्वच्छ झालं नाही तर रंगखातं बंद. रंगखात्यात ऐंशी माणसं होती. त्यातला एक माझा नवरा.

मालकांनी भिंगरीला बोलावलं. "जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. घरी येऊन मात्र तिनं तोंडावर उशी धरली आणि उशीत ओरडली.

तोवर सात महिने ती त्याच कामावर होती. ओढ्याच्या काठचा चिखल आणून, त्यातले जंतू काढून, त्यांना थोडा थोडा रंग चाखवत तिनं वाढवले होते. खिडकीजवळच्या फळीवर आठ मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत लाल पाणी आणि त्यात हवेचा पंप बुडबुडे सोडत असायचा. दिवसभर बुडबुड, बुडबुड. जिवाला हवा लागते, मग जंतूंनाही लागणार, असं तिचं म्हणणं. लाल रंग निम्मा फिका व्हायचा आणि तिथंच अडून बसायचा. दर शनिवारी ती नवा रंग ओतायची आणि बरण्या पुन्हा लालबुंद.

नवरा रोज विचारायचा, "काय गं, उतरला का माझा लाल?"

"उतरेल रे दादा."

"कापड फाटेल..."

"...पण तुझा लाल उतरणार नाही. कळलं. सरक."

आता माझ्या चुकीकडे येते. ती गेली चाळीस वर्षं मी जमेल तितकी लहान करून सांगत आले. आज आहे तेवढीच सांगते.

प्रयोगशाळेत भिंगरीनं मला पहिल्या दिवशी एकच नियम दिला होता. "वहिनी, बाटलीत रंग दिसतोय तोवर हात लावायचा नाही. रंग गेला की तिचं काम संपलं. ती धुवायची." छोट्या बाटल्यांत पातळ रंग असे, तो आठवड्याभरात जाई. मग मी त्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतायची आणि बाटली घासायची. आठ महिन्यांत एकदाही चुकले नाही.

त्या शनिवारी भिंगरी परगावी गेली, हौदांसाठी मोठा हवेचा पंप बघायला. गिरणीच्या आवारात दोन नवे हौद बांधून तयार होते. सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, तर आत इतकी शांतता की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटला. खिडकीशी गेले. फळीवरच्या आठही बरण्या पाण्यासारख्या स्वच्छ! लालाचा मागमूस नाही. तळाशी तेवढा काळपट गाळ.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, जिंकली आमची भिंगरी. दोन दिवस बाहेर गेली आणि इकडे काम फत्ते. आता दमून भागून येईल तर तिला घासूनपुसून लख्ख बरण्या दिसू देत. रंग गेला की धुवायची, हाच तर नियम. आठही बरण्यांतलं पाणी मी गाळासकट बेसिनमध्ये ओतलं. मग एरवीपेक्षा जास्त मायेनं, मागच्या अंगणात घमेल्यात उकळतं पाणी आणि साबण घेऊन, बुडाशी ब्रश घालून घालून बरण्या घासल्या. उरलेल्या पाण्यानं अंगणाची फरशीही धुतली. बरण्या फडक्यावर ओळीनं पालथ्या घातल्या.

दुपारी भिंगरी आली. हातात पिशवी, केस विस्कटलेले. दारातच थांबली.

"वहिनी, माझं विरजण कुठंय?"

विरजण हा शब्द मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकला होता. या विरजणातून आपण हौद लावणार, असं ती म्हणायची. ते कपाटात कुठंतरी झाकून ठेवलेलं असणार, अशी माझी समजूत. त्या क्षणी मला कळलं, बरण्यांतला गाळ हेच विरजण. मी नुसतं फडक्याकडे बोट दाखवलं.

ती फडक्यापाशी गेली. एक बरणी उचलून उजेडात धरली. खिडकीची चौकट तिच्यात अगदी सरळ दिसत होती. मग ती हळूच स्टुलावर बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "किती छान घासल्यास गं."

ओरडली असती तर परवडलं असतं. मी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले. अकरा दिवस राहिले होते. सात महिन्यांचं काम मी साबण लावून धुतलं होतं आणि ऐंशी घरांची चूल माझ्या हातून विझायची वेळ आली होती.

नवऱ्याला कुणीतरी निरोप दिला असावा. तो धावत आला, बरण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगं, काय केलंस हे? काही शिल्लक ठेवायचंस तरी!"

"दादा, गप्प बस जरा," भिंगरी म्हणाली. तिची नजर बरणीवरच होती, पण चेहरा बदलला होता. लहानपणी घड्याळ उघडून बसायची तेव्हा असाच चेहरा असायचा, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. "वहिनी, रडणं थांबव आणि मला सांग. तू या धुतल्यास का?"

"रंग गेला की धुवायच्या, तूच म्हणालीस."

"म्हणजे रंग गेला होता?"

"हो."

"फिका झाला होता का गेला होता?"

"गेला होता गं. पिण्याच्या पाण्यासारखं दिसत होतं."

"आठही?"

"आठही. गाळ तेवढा तळाशी."

ती उभी राहिली. "सात महिन्यांत एकदाही गेला नाही. दोन दिवसांत कसा गेला? दोन दिवसांत वेगळं काय झालं? आठव. आत आलीस तेव्हा काय पाहिलंस?"

मी नाक पुसलं आणि आठवायला लागले. "पाहिलं काही नाही. शांत होतं. बुडबुड नव्हती."

"पंप बंद होता?"

नवरा म्हणाला, "शनिवारी रात्री तारा बदलायला वीज बंद केली होती. आज पहाटे आली. तुमचा पंप हातानं चालू करावा लागतो ना? कोण करणार? कुणी नव्हतंच."

भिंगरीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि हसायला लागली. आम्हा दोघांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"हवा!" ती म्हणाली. "हवा नको होती त्यांना! मी मेली सात महिने हवा घालतेय आणि ते बिचारे म्हणतायत, बाई, जरा झाकण लाव, काम करू दे. कळलं का दादा? उतरतो तुझा लाल!"

"अगं, पण उतरवणार कोण? त्यांना तर हिनं गटारात पाठवलं!"

हसू थांबलं. तिनं बेसिनकडे पाहिलं. आणि मला त्याखालचा पाइप आठवला.

झालं होतं असं की महिन्यापूर्वी एका बाटलीचं काचेचं बूच माझ्या हातून बेसिनमध्ये पडलं होतं. ते काढायला मी खालचा वाकडा पाइप उघडला होता, जिथं थोडं पाणी कायम साचून राहतं. आत काळा बुळबुळीत गाळ होता. पण साचलेलं पाणी स्वच्छ होतं. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. वर बेसिनला लाल डाग, ते घासून घासून माझे हात गेले, आणि खाली ओतलेल्या रंगाचा पत्ता नाही.

"भिंगरे," मी म्हटलं, "मी सगळं या बेसिनमध्येच ओतते. आजचंही. आठ महिन्यांचं. या वाकड्या पाइपात गाळ बसलाय आणि तिथं रंग टिकत नाही. मी पाहिलंय. तिथं वारा जायला जागाही नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गरम पाणी?"

"ते अंगणात. बेसिनमध्ये थेंब नाही गेला."

"दादा, पाना आण."

नवरा पाना घेऊन बेसिनखाली पालथा झाला. भिंगरी आणि मी दोघी गुडघ्यांवर. पाइप निघाला आणि असा वास सुटला की नवरा तसाच मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला.

"हे तुझं शास्त्र?" नाक धरून तो म्हणाला.

"हे तुझं रंगखातं," भिंगरी म्हणाली, आणि तो काळा गाळ तिनं माझ्या लख्ख बरणीत असा ओतला की जणू तूप ओततेय.

त्या बरणीत लाल रंग घातला, वरून झाकण घट्ट लावलं. आम्ही तिघांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गुलाबी होतं. दुपारी पाण्यासारखं. भिंगरीनं मला मिठी मारली, तिच्या हाताच्या वासासकट.

मग सुरू झाली धावपळ. एका बरणीच्या आठ, आठ बरण्यांच्या बादल्या, बादल्यांची पिंपं, पिंपांतून हौद. जंतूंना वाढायला खायला लागतं. भिंगरी साखर मागायला मालकांकडे निघाली, तर माझा नवरा म्हणाला, "गिरणीत कापडाला लावायची खळ उरते ती फेकतोच आम्ही. चालेल का तुझ्या लेकरांना?" चालली. नुसती चालली नाही, आवडली. सासूबाई रोज रात्री विचारायच्या, "जेवली का पोरं?" आणि भिंगरी गंभीरपणे म्हणायची, "जेवली. दोन वेळा."

"आणि कोंडून ठेवलं तर रुसत नाहीत?"

"उलट कोंडलं की कामाला लागतात."

"हे याला आधी कळायला हवं होतं," सासूबाई माझ्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "याला अभ्यासाला कोंडलं की झोपायचा."

आठव्या दिवशी पहिला हौद स्वच्छ झाला. मालक पाहायला आले, टाळ्या वाजवल्या. "झालं! बोलवा तपासनिसांना."

"नाही झालं," भिंगरी म्हणाली. तिच्या खिडकीत एका भांड्यात सहा छोटे मासे होते. त्यातले दोन जाळीत घेऊन तिनं हौदाचं पाणी भरलेल्या बरणीत सोडले. पाच मिनिटांत दोन्ही कलंडले. तिनं झटकन उचलून साध्या पाण्यात टाकले. एक सावरला, एक गेला.

मालकांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. "पाणी तर स्वच्छ आहे!"

"रंग मोडलाय, साहेब. त्याचे तुकडे पाण्यातच आहेत. दिसत नाहीत, पण चावतात."

"तपासनिसांना फक्त रंग बघायचा आहे. कागदावर रंगच लिहिलाय."

"खालच्या वस्तीतली बाई ओढ्यावर भांडी घासते, तिच्यासाठी कागदावर काय लिहिलंय?"

मालकांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

आता ते तुकडे कोण खाणार? भिंगरी हौदाच्या कठड्यावर बसून पेन्सिल चावत होती. मी म्हटलं, "अगं, ते हवावाले काय करायचे इतके दिवस? बुडबुड्यांत वाढवलेस ते?" ती माझ्याकडे बघतच राहिली. गाळात दोन्ही जातीचे जंतू होते. एकाला कोंडलेलं आवडे, दुसऱ्याला मोकळं. पहिल्यानं रंग मोडायचा, दुसऱ्यानं तुकडे खायचे. परगावी ठरवलेला मोठा पंप, जो आता अडगळ होणार म्हणून मालक कुरकुरत होते, तो दुसऱ्या हौदाला लागला. पुन्हा बुडबुड सुरू झाली, आणि मला किती बरं वाटलं!

वीस तारखेच्या शुक्रवारी तपासनीस आले. त्यांनी अट घातली, आधी भरून ठेवलेलं पाणी चालणार नाही. त्यांच्यासमोर आजचा रंग सोडायचा, हौदांना त्यांची मोहोर लावायची, सोमवारी उघडायचं.

"कुठला रंग सोडायचा?" भिंगरीनं भावाला विचारलं.

तो निळा म्हणू शकला असता. निळा सोपा होता, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं लाल सोडला. सगळ्यात गडद, तोही दुप्पट. मी त्याचा हात चिमटला. "अहो, काय करताय?"

"उतरायचा असेल तर खरा उतरू दे," तो म्हणाला. "नाहीतर मला काय सुख?"

शनिवार, रविवार आमच्या घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी तेवढं एकदा विचारलं, "मोहोर लावलीय तर पोरांना जेवण कोण देणार?" भिंगरीनं आधीच भरपूर खळ घालून ठेवली होती.

सोमवारी मोहोर तोडली. रंगखात्यातली ऐंशी माणसं आवारात उभी. दुसऱ्या हौदाच्या नळातून पाणी आलं, किंचित पिवळसर, लिंबाच्या सालीइतकं. तपासनिसांनी बाटलीत घेतलं, उजेडात धरलं. ती बाटली मी घासलेली होती. समोरच्या खिडकीची चौकट सरळ दिसली. भिंगरीनं उरलेले पाच मासे त्या पाण्याच्या भांड्यात सोडले. तपासनिसांनी खुर्ची मागवली आणि भांड्यासमोर बसले. एक तास गेला. चहा आला, गार झाला. दुसरा तास गेला. मासे गोल गोल फिरत होते आणि त्यातला तो आधी कलंडलेला सगळ्यात पुढे.

"खातं चालू राहू द्या," तपासनीस उठत म्हणाले. मग आवाजाच्या कल्लोळात त्यांनी भिंगरीला विचारलं, "हवा बंद करायची हे कुठं शिकलात?"

तिनं मला पुढे ओढलं. "यांच्याकडून."

"आपण कोण?"

"मी बाटल्या धुते," मी म्हटलं.

माझा नवरा हौदापाशी एकटाच उभा होता. मी जवळ गेले. पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "माझा लाल कुणी उतरवला नव्हता आजवर. उतरवला, तोही घरच्या दोघींनी." आणि तोंडावर रुमाल धरून तो जे हसला, ते घरी जाईपर्यंत थांबला नाही.

सासूबाई एक्क्याण्णव वर्षं जगल्या. ते मासे त्यांनी घरी आणले. शेवटचा चार वर्षं जगला, तोच कलंडलेला. मालकांनी त्या हौदांचा फोटो गिरणीच्या माहितीपुस्तकात छापला, स्वतः पुढे उभं राहून. तपासनीस दर तीन महिन्यांनी येत राहिले आणि येताना माशांसाठी खाणं आणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला पत्र पाठवलं. त्यात पाण्याबद्दल दोन ओळी होत्या आणि बाकी सगळं माशांबद्दल. गिरणी पुढे बंद पडली, तिथं आता शाळा आहे. ओढा आहे. कुठल्याच दिवशी कुठल्याच रंगाचा नसतो.

भिंगरी पाच वर्षांनी मोठ्या दवाखान्यात गेली. भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवायची, हे तिचं पुढचं काम. "आता शिकवणी बदलली," सासूबाई गल्लीत सांगत. तिनं शेकडो मुलं तयार केली. त्यातल्या एकीनं बनवलेला सांधा माझ्या उजव्या गुडघ्यात आहे, आणि डाव्यापेक्षा तोच बरा चालतो. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्याची नखं निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माणसासारखी झाली, तेव्हा तो जरा उदास झाला होता.

मी त्या हौदांच्या वर्षीच संध्याकाळचा अभ्यासक्रम केला आणि प्रयोगशाळेत सहायक झाले. निवृत्त होईपर्यंत नव्या मुलींना बाटल्या घासायला मीच शिकवत असे. पहिल्या दिवशीचा नियम मात्र मी बदलला होता. रंग असो वा नसो, धुण्याआधी विचारायचं.

भिंगरीच्या टेबलावर तो बेसिनखालचा वाकडा पाइप चाळीस वर्षं होता. त्यात ती पेन्सिली ठेवायची. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा तो मला देऊन गेली. आता माझ्या खिडकीत आहे. मी तो अजून घासलेला नाही.